घरच्या जुन्या कागदांवरील सह्या कशा वाचाव्यात

सही पाहून पणजोबांचा स्वभाव सांगता येत नाही. वर चढणारी ओळ म्हणजे उमेद, दाबून लिहिलेले अक्षर म्हणजे करारीपणा, या आडाख्यांना शास्त्राचा आधार नाही. सहीवरून कळते ते वेगळे आणि अधिक मोलाचे असते: माणूस कोणती लिपी आधी शिकला, त्याचा हात किती लिहिता होता, कागद त्याने स्वतः लिहिला की दुसऱ्याने लिहिलेल्यावर फक्त नाव घातले, आणि त्या दिवशी हात धड चालत होता का. मात्र एका सहीवरून यातले काहीच ठरवू नये. वेगवेगळ्या वर्षांच्या निदान पाच-सहा सह्या हाताशी हव्यात.

सुरुवात एका शंकेने करा: समोर दिसते ती खरोखर सही आहे का? गोव्यात सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पेटीत सापडणारा पोर्तुगीज एस्क्रितूर, म्हणजे नोटरीपुढे झालेला दस्त, बहुधा नक्कल असतो. मूळ दस्त नोटरीच्या वहीत राहत असे. पक्षकार आणि साक्षीदार त्या वहीत सह्या करीत, आणि घरी येई ती दाखला दिलेली प्रत. त्या प्रतीत विकणारा, घेणारा, साक्षीदार सगळ्यांची नावे कारकुनाच्याच हातची असतात. खरी सही फक्त खाली दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याची. पारख सोपी आहे. चार नावे एकाच वळणाची, एकाच शाईची आणि मजकुराच्याच हाताची दिसली, तर ती नक्कल समजा. कागद टाकू मात्र नका. त्यातला वहीचा क्रमांक, पान, तारीख आणि नोटरीचे नाव टिपून ठेवा, मूळ वही त्यावरूनच सापडते. जन्म-विवाहाच्या दाखल्यांचेही तसेच: दाखल्यावर नव्हे, मूळ नोंदवहीत सही असते. शिवाय जन्माच्या नोंदीखाली सही करणारा खबर देणारा असतो. तो बाप असेलच असे नाही, म्हणून मजकुरातले त्याचे नाव आधी वाचा.

मूळ सह्या मिळण्याच्या जागा बऱ्याच आहेत. तालुक्याची नोंदणी कार्यालये आहेत, पणजीचे पुराभिलेख खाते आहे (त्या दफ्तराची सुरुवात १५९५ सालची), कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकरी संस्थेच्या, सभांची इतिवृत्ते आहेत, देवस्थानाच्या महाजनांच्या सभांच्या वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही विसरू नका. तिथे एकाच घराण्याच्या तीन-चार पिढ्यांचे हस्ताक्षर शेजारी शेजारी मिळू शकते. आमच्या मते सगळ्यांत बोलके पान सभेच्या इतिवृत्ताचे. त्यावर साऱ्या वांगडाच्या, म्हणजे गावकरी कुळाच्या, सह्या एकत्र असतात, त्यामुळे गावात त्या वर्षी सर्वसाधारण काय होते ते दिसते. बाकी सगळे मोडीत आणि तुमचे पणजोबा एकटेच रोमीत (रोमन लिपीत) सही करीत असतील, तर ते पोर्तुगीज शिकले होते असे म्हणायला जागा आहे. एकटा कागद हे सांगू शकत नाही.

फोटो काढताना मोबाईल कागदाला समांतर धरा आणि शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवा. एक फोटो सरळ उजेडात घ्या, दुसरा खिडकीजवळ, उजेड बाजूने कागदाला जवळजवळ घासत येईल असा. दुसऱ्या फोटोत लेखणीच्या दाबाच्या खाचा दिसतात. पाठची बाजूही घ्या. स्कॅन करणार असाल तर सही ६०० डीपीआयवर करा. हे काम कोरड्या महिन्यांत करावे. पावसाळ्यात कागद दमट, मऊ होतो आणि घडीवर फाटतो.

मग पट्टीच्या आधाराने सगळ्या सह्या एकाच मापाच्या करा आणि सालवार खालोखाल लावा. मराठी कागदावर शक असेल तर ७८ मिळवा. पौषाचा उत्तरार्ध ते फाल्गुन असेल तर बहुधा ७९. साल नीट वाचता येत नसेल तर संवत्सराच्या नावाने पडताळा घ्या. शकात १२ मिळवून ६० ने भागा, उरेल तो साठ संवत्सरांतला प्रभवापासूनचा क्रमांक. शके १७८५ ला ५७ उरतात, म्हणजे रुधिरोद्गारी, म्हणजे १८६३-६४. बाकी शून्य आली तर साठावे, क्षय.

तुलना करताना शेवटच्या फर्राट्याकडे आधी पाहू नका. फर्राटा हौसेने बदलतो, आणि मुलगा कित्येकदा बापाचाच उचलतो. पाहायचे ते लेखणी कुठे उचलली, कोणती अक्षरे जोडली, अक्षरांच्या उंचीचे एकमेकांशी प्रमाण काय. या सवयी सहज सुटत नाहीत.

लिपीचा माग यातूनच लागतो. मोडीत आधी पानभर रेघ ओढून अक्षरे तिला टांगतात आणि शब्दांत अंतर सोडत नाहीत. ज्याचा हात मोडीवर बसला, त्याच्या देवनागरीतही अनेकदा शिरोरेघ सलग धावते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, तेव्हा तसल्या चुकांवरून माणसाला अर्धशिक्षित ठरवणे अन्यायाचे आहे. रोमी सहीत 'श' ला एक्स, 'के-की' ला क्यू-यू, शब्दाच्या शेवटी अनुनासिकाला एम येतो. ही पोर्तुगीज धाटणी. स्पेलिंग मात्र सावधपणे वाचा: १९११ साली पोर्तुगीज लेखनपद्धती सुधारली, जोडव्यंजने गेली, तरी आधी शिकलेली माणसे पुढे कित्येक वर्षे जुनेच लिहीत राहिली. म्हणून जुने स्पेलिंग कागदाचे नव्हे, लिहिणाऱ्याच्या शाळेचे वय सांगते.

मराठी पत्राच्या शेवटी 'दस्तुर खुद्द' असेल तर अक्षर पाठवणाऱ्याचेच. दुसऱ्याचे नाव असेल तर लेखक तो. जुन्या मराठी दस्तांत सहीऐवजी निशाणीही येते: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, बायकांची बांगडी. निशाणीवरून धंदा किंवा हक्क कळतो, हस्ताक्षर नाही. पोर्तुगीज दस्तात दुसऱ्याने 'आ रोगु', म्हणजे विनंतीवरून, सही केली असेल तर कारण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'नाऊं साबेर' (não saber) म्हणजे लिहिता येत नव्हते. 'नाऊं पुदेर' (não poder) म्हणजे येत होते, पण आजार, दृष्टी किंवा हात आडवा आला. आजीला निरक्षर म्हणून नोंदवण्यापूर्वी हा एक शब्द तपासलाच पाहिजे.

थरथरती सही दोन तऱ्हांची असते. फक्त नाव गिरवायला शिकलेल्याची अक्षरे सुटी, सारख्या दाबाची, चित्रासारखी काढलेली दिसतात. म्हाताऱ्या किंवा आजारी हाताला वळण ठाऊक असते पण रेघ कापते, मधे शाईचे ठिपके पडतात, ओळ घसरते. आधीच्या वर्षांच्या सह्या डौलदार असतील तर दुसरे कारण पक्के धरा. रोगाचे नाव मात्र देऊ नका.

शाई आणि लेखणी साल तपासायला उपयोगी पडतात. बोरूची रेघ वळणावर जाड-बारीक होते, टाकाच्या निबावर जोर दिला की दोन समांतर रेषा उमटतात. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास आले. १८९० च्या कागदावर त्याने लिहिलेले नाव नंतर कुणीतरी घातलेले. काजळीची शाई काळीभोर राहते, पण ओल लागली की पसरते. हिराकस-मायफळाची शाई तपकिरी होऊन कागद खाते. अशा ठिकाणी घडी उलगडू नका. ओल्या कपड्याने पुसणे, सेलोटेप, लॅमिनेशन, तिन्ही वर्ज्य. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, नोंद पेन्सिलीने आणि तीही लिफाफ्यावर.

वंशावळीत सहीखाली दोन ओळी वेगळ्या ठेवा: पहिलीत जे दिसले (साल, लिपी, मूळ की नक्कल, कुणाचा हात), दुसरीत त्यावरून काढलेला अंदाज.