साग लावताय? मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका

धुऱ्यावर किंवा पडीक तुकड्यात यंदा साग लावणार असाल, तर स्टंप (शेंडा छाटून मूळ आणि खोडाचा छोटा तुकडा ठेवलेले रोप) आणायची घाई नको. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो, दोन सरी येतात, माणसे पहार घेऊन निघतात आणि मग पंधरा दिवस उघाड पडते. फुटलेला कोंब वाळतो, जुलैत नांग्या भरत, म्हणजे मेलेल्या जागी पुन्हा लावत बसावे लागते. पूर्वीही असे व्हायचेच. पण हवा जितकी तापलेली, तितकी तेवढ्याच उघाडीत जमीन लवकर सुकते.

म्हणून नक्षत्र नको, माती बघा. स्टंपचे मूळ 15 ते 20 सेंटिमीटर असते. खुरप्याने उकरल्यावर वीतभराच्याही खाली ओल लागली, तरच लावा, मग आर्द्रा उजाडली तरी चालेल. पहारेने सरळ भोक पाडा, स्टंपची मान मातीच्या पातळीत ठेवा, बाजूची माती टाचेने घट्ट दाबा. आत पोकळी राहिली की पाणी साचून मूळ कुजते. स्टंप आणले आणि पाऊस हटला, तर ओलसर गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. चिबड काळ्या जमिनीत मात्र साग लावूच नका. तिथे एका दिवसाची अतिवृष्टीही त्याला भारी पडते.

एवढा आग्रह का? साग बारा महिने वाढत नाही. पान गळले की खोड जाड होणे थांबते. सगळी कमाई पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांची. ती खोडात वर्षाला एक अशा वलयांनी साठते, आणि जुन्या सागाची वलये मोजून शास्त्रज्ञ पूर्वीच्या पावसाचा अंदाज घेतात. भर हंगामात पावसाचा मोठा खंड पडला, तर वाढ थबकते आणि त्याच वर्षात एक खोटे वलयही उमटते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढलाय, आता झाडे जोमात येतील, असे सांगणारे भेटतात. ते अर्धेच खरे. ओल संपली की पान आपली रंध्रे, म्हणजे हवा आत घेणारी बारीक छिद्रे, मिटते. मग हवेत कितीही वायू असो, आत जाणार कुठून?

उभ्या सागासाठी उताराला आडवे चर काढा, पाला बुंध्याशी राहू द्या. उन्हाळ्याआधी भोवती जाळरेषा (आग अडवणारा साफ केलेला पट्टा) मात्र हवीच, नाहीतर तोच पाला पेटतो. दोन बाय दोन मीटरवर लावला असेल, तर पाचव्या वर्षाच्या सुमारास विरळणी करा, म्हणजे मधली झाडे काढा. वाढवलेले झाड तोडणे हातून होत नाही, हे कळते; पण तेवढ्याच ओलीत दुप्पट झाडे वाटेकरी झाली, तर एकही धड जाड होत नाही.

पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या पालवीवर पाने खाणारी अळी येते. पानाची कड दुमडलेली दिसली, की तिथेच चिरडा. झाड मरत नाही म्हणून लोक सोडून देतात. केरळात निलांबूरच्या कोवळ्या लागवडीत या अळीने लाकडाची 44 टक्के वाढ खाल्ल्याची नोंद आहे.