रुदरफोर्डच्या प्रयोगावर उत्तर लिहिताना या चुका टाळा

या प्रयोगात धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून निघणारे धनप्रभारित कण) सोडले. ‘बहुतेक अल्फा कण सरळ आरपार गेले, म्हणून थॉमसनचं प्रारूप चुकीचं ठरलं.’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास सापडतं आणि तिथेच उत्तर फसतं. थॉमसनच्या अणूत धनप्रभार सगळीकडे पसरलेला. त्यातूनही जड, वेगवान अल्फा कण जवळजवळ सरळच जायला हवेत. हे प्रारूप अडलं ते मोठ्या कोनातून वळलेल्या मोजक्या कणांपाशी. मँचेस्टरला १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांना प्लॅटिनमवरून साधारण ८,००० कणांमागे एक मागे फिरलेला दिसला. उत्तराचा भर इथे द्या. (आणि मोजणीचं श्रेय या दोघांना द्या! अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरची एकेक चमक त्यांनी टिपली. त्यामागचं गणित रुदरफोर्डचं, १९११ चं.)

पत्रा पातळ का? ‘सोनं ठोकून पातळ होतं म्हणून’ एवढ्यावर थांबू नका. पत्र्यात कण अनेक अणूंजवळून जातो, मग छोटी छोटी वळणं साठून मोठं वळण होत नसेल कशावरून? जाडी वाढवली तशी मोठ्या कोनात वळणाऱ्या कणांची संख्या त्याच प्रमाणात वाढली, हे १९१३ च्या मोजणीत दिसलं. म्हणजे मोठं वळण एकाच अणूपाशी, एकाच भेटीत मिळतं. माझ्या मते सगळ्या युक्तिवादाचा कणा हाच, आणि नेमका तोच गाळला जातो.

एका भेटीत एवढं वळण द्यायचं तर प्रभार अणूच्या मध्यावर, इवल्याशा जागेत एकवटलेला हवा; तेच केंद्रक. आकृतीत अल्फा कणाचा बाण केंद्रकावर आपटून उसळताना दाखवू नका. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे ७ फेम्टोमीटर (१ फेम्टोमीटर म्हणजे १०⁻¹⁵ मीटर). त्या प्रयोगांतला वेगवान अल्फा कण अगदी समोरासमोर आला तरी सुमारे ३० फेम्टोमीटरवरच थांबतो आणि प्रतिकर्षणाने परततो. मार्ग गुळगुळीत वक्र काढा, केंद्रकापासून दूर वळणारा. जितका जवळून, तितका जास्त वळलेला.

निष्कर्षात प्रोटॉन-न्यूट्रॉन घुसडू नका. न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये. १९११ च्या गणितात तर मध्यावरचा प्रभार धन की ऋण हेही ठरत नव्हतं, कारण आकर्षण असो वा प्रतिकर्षण, वळणाचा कोन तेवढाच येतो. इलेक्ट्रॉनच्या कक्षाही या पडद्यावर कुणाला दिसल्या नाहीत. त्या ‘निरीक्षणे’ या मथळ्याखाली लिहिल्या असतील तर खोडा आणि १९१३ च्या बोरच्या प्रारूपाकडे न्या.