मिडल स्कूलमधलं (साधारण सहावी ते आठवीचं) मूल घेऊन अमेरिकेत येताय?

घर, गाडी, क्रेडिट स्कोअर यावर सल्ले देणारे तुम्हाला पैशाला पासरी भेटतील. पण एक दिवस मुलाच्या दप्तरातून लैंगिक शिक्षणाच्या संमतीपत्रकाचा कागद घरी येईल, त्याबद्दल मंडळाच्या गणपतीत कुणी अवाक्षर काढणार नाही. म्हणून मी लिहितेय.

नवीन आलेल्यांपैकी निम्म्यांना वाटतं, इथल्या शाळा मुलांना भलतंसलतं शिकवतात. बाकीच्यांना वाटतं, शाळा सगळं शिकवेल, आपण सुटलो. खरं तर तुम्ही कुठल्या राज्यात उतरलात त्यावर सगळं अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात २०१६ पासून मिडल स्कूलमध्ये एकदा आणि हायस्कूलमध्ये एकदा गर्भनिरोधनासकट सगळं शिकवावंच लागतं. नको असेल तर पालकांनी तसं लेखी कळवायचं. आमच्या टेक्सासमध्ये उलटा कारभार. हा विषय शिकवलाच पाहिजे असं बंधन नाही. शिकवलाच तर अविवाहित मुलांसाठी संयम हाच पसंतीचा मार्ग, असं सांगून त्यावर सर्वांत जास्त भर द्यायचा. शिवाय २०२१ च्या कायद्याने पालकांची लेखी संमती आणली. जिथे अशी संमती मागतात तिथे न दिलेला कागद म्हणजे नकार. जाहिरातींच्या ढिगात तो हरवला, तर तुमचं मूल त्या तासाला लायब्ररीत बसेल.

यामागे केंद्राचा पैसाही आहे. १९९६ च्या वेल्फेअर (गरीब कुटुंबांना मदतीच्या) कायद्यात 'लग्नापर्यंत थांबा' हे शिकवण्यासाठी वर्षाला ५ कोटी डॉलर ठेवले. केंद्राच्या ४ डॉलरमागे राज्याने ३ घालायचे, आणि लग्नाच्या चौकटीबाहेरचे लैंगिक संबंध मनाला व शरीराला घातक ठरण्याची शक्यता आहे, असं शिकवायचं. कॅलिफोर्नियाने हे पैसे कधी घेतलेच नाहीत. पुढे काँग्रेसनेच, म्हणजे इथल्या संसदेनेच, मागवलेला मॅथेमॅटिका संस्थेचा अहवाल २००७ मध्ये आला. अशा चार कार्यक्रमांतली मुलं आणि त्यांत नसलेली मुलं, दोन्हीकडे संबंध आलेल्यांचं प्रमाण सारखंच, आणि त्यांचं पहिल्या संबंधाचं सरासरी वयही तेच: १४.९. तरी निधी आटला नाही. २०१८ मध्ये नाव बदलून 'सेक्शुअल रिस्क अव्हॉयडन्स' (लैंगिक धोका टाळणं) झालं, आणि रक्कम वर्षाला साडेसात कोटी.

समर्थकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. थांबायला सांगण्यात वावगं काय, मीही घरी तेच सांगते. पण ते सांगताना कंडोमबद्दल गप्प बसणं मला पटत नाही. ४४ व्या वर्षापर्यंत ९५ टक्के अमेरिकनांचा लग्नाआधी संबंध आलेला असतो, असं २००७ च्याच एका अभ्यासात दिसलं होतं. आपली मुलं याच समाजात वाढणार. आणि नाकं मुरडण्याआधी आठवा, त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनेही शाळांतलं किशोरवयीन शिक्षण थांबवलं होतं. प्रजननाचा धडा 'घरी वाचून घ्या' म्हणून उरकलेली पिढी आपली.

तर कामाचं बोलू. अभ्यासक्रम बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे. टेक्सासमध्ये प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टची (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेची) आरोग्य सल्लागार समिती असते, तिच्यात बहुसंख्य पालकच असावे लागतात. आपले लोक तिथे क्वचित दिसतात, मुलांच्या स्पेलिंग बी स्पर्धेला मात्र हॉल भरतो.

लैंगिक संबंधांना संमती देण्याचं कायदेशीर वयही मुलांना स्पष्ट सांगा: न्यू जर्सीत १६, टेक्सासमध्ये १७, कॅलिफोर्नियात १८. कपड्यांविना काढलेला फोटो मित्राला पाठवणं हासुद्धा अल्पवयीनांच्या बाबतीत गुन्हा ठरू शकतो, आणि व्हिसावरच्या कुटुंबाला पोलीस केस परवडत नाही.

डॉक्टरांकडे ११-१२ व्या वर्षी एचपीव्हीची (लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या, कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या विषाणूवरची) लस सुचवतील. 'इतक्यात कशाला?' म्हणू नका, संबंध येण्याच्या आधी घेतली तरच तिचा पुरेपूर उपयोग. थोड्या मोठ्या मुलांच्या तपासणीत डॉक्टर आईवडिलांना पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगतात. मुलाशी एकांतात बोलण्याची इथली ती नेहमीची पद्धत आहे. निमूट बाहेर बसा, आणि गाडीत बसल्या बसल्या 'काय विचारलं गं?' म्हणून उलटतपासणी घेऊ नका.