ग्राफिक्स कार्डाला वॉटर ब्लॉक मागवताय? नुसतं नाव नको, बोर्ड बघा

मागच्या उन्हाळ्यात लातूरहून मावसभावाचा फोन आला. "दादा, बसना गेलंय की हे!"

पोरगा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. दुपारी खोलीत पारा चाळिशीच्या वर आणि तीन पंख्यांचं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड मिक्सरसारखं घोंगावतंय, म्हणून त्याने वॉटर कूलिंगचा घाट घातला होता: पंख्यांऐवजी कार्डावर वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी खेळवणारा धातूचा ठोकळा. ब्लॉकच्या खोक्यावर 'आरटीएक्स ३०८०', कार्डाच्या खोक्यावरही तेच. हीटसिंक (पंख्यांखालचा उष्णता ओढणारा धातूचा भाग) काढून ब्लॉक ठेवला तर एक कोपरा उचललेलाच. पॉवर कनेक्टरजवळचा एक उभा कपॅसिटर खालून ब्लॉकला अडत होता. दोन मिलिमीटरचा काय तो घोळ. विकणारा म्हणाला, खोकं फोडलंय, आता परत नाही.

आमच्याकडे ट्रॅक्टरचा पार्ट आणायला गेलं की दुकानदार नुसतं मॉडेल ऐकून पार्ट काढत नाही. साल कोणतं, जुना पार्ट आणलाय का, हे आधी विचारतो. कार्डाच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला कुणी विचारत नाही, आणि आपणही स्वतःला विचारत नाही.

चिपचं नाव जुळलं, की झालं?

एनव्हिडिया किंवा एएमडी चिप बनवते. ती चिप ज्या बोर्डावर बसते तो बोर्ड मात्र कार्ड विकणारी कंपनी स्वतःच्या पद्धतीने आखू शकते. चिप तीच, पण वीज पुरवणारे फेज (टप्पे) जास्त, चोक (तारेच्या गुंडाळीचे छोटे ठोकळे) उंच, कपॅसिटर दुसरीकडे, पॉवर कनेक्टर दोनऐवजी तीन. हे झालं कस्टम कार्ड. फुल कव्हर वॉटर ब्लॉक चिप, मेमरी आणि व्हीआरएम (चिपला वीज पुरवणारा भाग) या सगळ्यांवर एकदम बसतो, म्हणून त्याच्या खालच्या बाजूचे खड्डे-उंचवटे एका ठरावीक बोर्डासाठीच कोरलेले असतात. बोर्ड बदलला की ते खड्डे भलत्याच जागी येतात.

इथे एक जुना सल्ला अजून फिरतो: "फाउंडर्स एडिशनचा ब्लॉक घे, तोच रेफरन्सचा." फाउंडर्स एडिशन म्हणजे एनव्हिडिया स्वतः विकते ते कार्ड, आणि रेफरन्स म्हणजे तिने इतर कंपन्यांना आखून दिलेला नमुना बोर्ड. १० आणि २० मालिकेतल्या मोठ्या कार्डांना ते लागू होतं. २०२० मध्ये ३० मालिका आली आणि गणित फिरलं. ३०८० आणि ३०९० च्या फाउंडर्स एडिशनला एनव्हिडियाने आखूड, टोकाला व्ही आकाराची खाच असलेला वेगळाच बोर्ड दिला. इतर कंपन्यांसाठीचा रेफरन्स बोर्ड सरळ आयताकृती होता. म्हणजे ब्लॉकवर 'रेफरन्स' लिहिलंय म्हणून तो फाउंडर्सला बसत नाही, आणि उलटंही नाही.

भावाचं कार्ड तर या दोन्हींत नव्हतं. 'ओसी' आणि 'गेमिंग' अशी भारी बिरुदं लावलेलं कस्टम कार्ड.

पूर्ण नाव जुळलं तरी थांबा

एकाच मॉडेलची पुढची खेप नव्या बोर्डावर निघू शकते. गिगाबाइटसारख्या काही कंपन्या 'रेव्ह १.०', 'रेव्ह २.०' असा रिव्हिजनचा, म्हणजे आवृत्तीचा, आकडा छापतात. ते बारीक अक्षर वाचा. आणखी एक सापळा म्हणजे ३०८० हे नाव दोन कार्डांना आहे. १० जीबीवाल्यात मेमरीच्या १० चिप असतात, २०२२ मध्ये आलेल्या १२ जीबीवाल्यात १२. जुनं कार्ड घेतलं असेल आणि खोकं नसेल तर स्टिकरवरचा पार्ट नंबर हाच आधार.

पुष्कळ जण जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडतात आणि निर्धास्त होतात. ते चिप, मेमरी, बायोस आणि कंपनी दाखवतं. बोर्डावर चोक कुठे आहे हे त्याला कुठून कळणार?

मग तपासायचं कसं? ब्लॉक बनवणाऱ्या कंपन्या सुसंगत कार्डांची यादी देतात. तिथे चिपचं नाव नाही, कार्डाचं पूर्ण नाव आणि पार्ट नंबर शोधा. यादीत नसेल तर 'बसेलच की' असं धरून चालू नका. बहुतेक वेळा बसत नाही.

त्यानंतर मी एक घरगुती उद्योग करतो. आपल्याच मॉडेलच्या उघड्या बोर्डाचा समोरून काढलेला फोटो शोधायचा. टेकपॉवरअप या संकेतस्थळावर आणि परीक्षणांमध्ये असे फोटो पुष्कळ सापडतात. स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी आपल्या कार्डावर मोजायची, फोटोतली पट्टी तेवढीच येईल असा प्रिंट काढायचा. झेरॉक्सच्या दुकानात दहा-वीस रुपयांचं काम. मग ब्लॉकच्या खालच्या बाजूचा फोटो घेऊन त्याचाही असाच प्रिंट काढायचा, मात्र मोजायला चिपभोवतीच्या चार भोकांमधलं अंतर धरायचं. ब्लॉकचा फोटो आरशासारखा उलटा करायला विसरू नका, मी एकदा विसरलो होतो. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले की मेमरी, चोक आणि स्क्रूची भोकं जुळतात का ते दिसतं. उंची मात्र कागदावर कळत नाही. त्यासाठी पॉवर कनेक्टरजवळचे उभे कपॅसिटर नीट बघा, आणि शंका असेल तर पैसे भरण्याआधी बोर्डाचा फोटो ब्लॉकच्या कंपनीलाच पाठवा.

कार्डाच्या लांबीवरही जाऊ नका. हीटसिंक बोर्डापेक्षा बराच लांब असतो.

बसला, पण तापतोय

बहुतेक वेळा दोष थर्मल पॅडचा, म्हणजे मेमरी आणि ब्लॉक यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्टीचा. ब्लॉकसोबत कुठे १ तर कुठे १.५ मिलिमीटरचा पॅड लावायचा त्याचा नकाशा येतो. दुकानात होता तो २ मिलिमीटरचा लावला, की ब्लॉक पॅडवरच अडतो आणि चिपला नीट टेकत नाही. पातळ लावला तर चिप गार, पण मेमरी उघडी.

म्हणून पाणी भरण्याआधी एकदा कोरडा बसवून बघा. चिपवर थर्मल पेस्ट लावा, स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळा आणि परत काढा. चिपवर पेस्ट सगळीकडे पसरली पाहिजे, प्रत्येक पॅडवर चिपचा ठसा उमटला पाहिजे. एका कडेला पेस्ट जाड राहिली तर ब्लॉक तिरका बसलाय.

कार्ड चालू झाल्यावर जीपीयूचं (चिपचं) तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, यांतला फरक बघा. १० ते १५ अंश असेल तर काळजी नको. ३० च्या पुढे गेला तर उघडावंच लागेल. ३०९० वाल्यांनी मागची बाजूही बघावी. त्याच्या २४ मेमरी चिपपैकी १२ मागे आहेत आणि समोरचा ब्लॉक तिथवर पोचत नाही. मागच्या बॅकप्लेटला (मागच्या पत्र्याला) पॅड लावायलाच हवेत.

जुना हीटसिंक काढताना पंख्यांच्या वायरी बोर्डाला जोडलेल्या असतात, झटका देऊन ओढू नका. कार्ड पाच-दहा मिनिटं चालवून बंद केलं की पेस्ट मऊ होते आणि हीटसिंक सहज सुटतो. वॉरंटीच्या अटी त्याआधी वाचा.

पाणी आणि ऊन

तांब्याच्या ब्लॉकसोबत स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) जोडू नका. दोन धातू आणि मध्ये पाणी म्हटलं की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं आणि तो गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतो. बोअरचं पाणी तर नकोच, आमच्याकडच्या बोअरचं पाणी बादलीवर पांढरा थर सोडतं. आरओचं पाणीही डिस्टिल्ड नव्हे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरात पाणी विकत घेण्याचं कुणाला नवल नाही, तर लिटर-दोन लिटर तयार कूलंटही घ्या. डिस्टिल्ड वॉटर वापरायचं असेल तर गंज आणि शेवाळ रोखणारं औषध त्यात टाका. बॅटरीच्या दुकानातून आणणार असाल तर लेबल वाचा, शेजारीच ॲसिडचे कॅन असतात.

आणि मे महिना विसरू नका. पाणी खोलीपेक्षा गार होत नाही. खोली ४२ अंश असेल तर ३२० वॅटच्या ३०८० ला २४० मिलिमीटरचा एकच रेडिएटर म्हणजे पाणी उकाड्यातच ठेवणं. पाणी ६० अंशांकडे गेलं तर पंपाचीही खैर नाही. जागा असेल तर ३६० चा घ्या.

ब्लॉक बसत नसेल तर कानस घेऊन घासत बसू नका. नुसत्या चिपवर बसणारा युनिव्हर्सल ब्लॉक मिळतो, पण त्याचीही चार भोकं जुळावी लागतात, आणि मेमरी-व्हीआरएमसाठी छोटे हीटसिंक व वारा लागतोच.

भावाच्या बोर्डासाठी ब्लॉक कुणीच बनवलेला नव्हता. त्याने जुना हीटसिंकच नवी पेस्ट आणि पॅड घालून परत चढवला, आवाज बऱ्यापैकी उतरला. ब्लॉक त्याने जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकलाय. रोज कुणीतरी विचारतं, "माझं ३०८० आहे, बसेल ना?" आणि हा लिहितो, "आधी बोर्डाचा फोटो पाठवा."