जुनी मर्सिडीज रस्त्यावर आणताना या चुका टाळा

जुनी मर्सिडीज घरी आली की बहुतेक जणांचा पहिला फोन पेंटरला जातो. महिन्याभरात गाडी चकाचक होते, सोसायटीत फोटो निघतात, आणि पहिलाच पावसाळा सरल्यावर दाराच्या खालच्या कडेला रंग फुगायला लागतो. मग पुन्हा खरवडणं आलं, पुन्हा खर्च आला. रंग हे सगळ्यात शेवटचं काम. लेख वाचून एवढीच गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मे पैसे वाचतील.

इथे बोलतोय ते मुख्यतः मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२३ मालिकेबद्दल. १९७६ च्या जानेवारीत ही मालिका आली आणि दहा वर्षांत सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. आपल्याकडे आखातातून परतलेल्यांनी आणलेल्या, किंवा परदेशी वकिलातींनी वापरून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकलेल्या अशा गाड्या आजही भेटतात. मुंबईत २०१४ पासून भरणाऱ्या क्लासिक मर्सिडीजच्या रॅलीत त्या रांगेने दिसतात. गाडी दणकट आहे यात वाद नाही. चालवून ती फारशी मरत नाही. ती मरते वर्षानुवर्षं उभी राहून, आणि घाईने उघडणाऱ्यांच्या हातून.

नंबर न जुळवता सौदा

चेसिस नंबर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर कोरलेला असतो. त्यातले १२३ नंतरचे तीन आकडे म्हणजे मॉडेल: १२३ म्हणजे २४०डी, २२३ म्हणजे २३०ई, ०३३ म्हणजे २८०ई. आरसी बुकात २८०ई आणि बॉनेटखाली भलतंच डिझेल इंजिन, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. पेट्रोल परवडेना तेव्हा लोकांनी मिळेल ते इंजिन बसवलं. ते आरसीवर चढवलेलं नसेल तर सौदा तिथेच थांबवावा, मालक कितीही ओळखीचा असो.

हे आता आणखी महत्त्वाचं झालंय. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते आणि तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. १९७६ च्या पहिल्या डब्ल्यू-१२३ गाड्या २०२६ पासून या वयात येतात. अर्थात व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, हेही आधीच समजून घ्या.

फायरवॉल घासायला देण्यापूर्वी नंबराचा पेन्सिल प्रिंट (वर कागद धरून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) काढून ठेवा आणि नंबरावर मास्किंग टेप लावा. सँडरखाली पुसट झालेला एक आकडा आरटीओत किती चकरा मारायला लावतो, ते ज्याने मारल्यात त्यालाच विचारावं.

गंजावर पुट्टी

मुंबई, कोकण, गोवा इथल्या गाड्यांची तपासणी खालून वर करावी. जॅक लावायची भोकं रबरी बुचांनी बंद केलेली असतात. बूच काढा आणि आत बोट घाला. ओला चुरा हाताला लागला तर बाहेरून कितीही गुळगुळीत दिसला तरी सिल, म्हणजे दाराखालचा पोकळ पत्रा, आतून गेलेला आहे. मग बॅटरीखालचा ट्रे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, पुढच्या मडगार्डचं टोक आणि काचेच्या रबराचे खालचे कोपरे बघा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवला तर पुट्टी कुठे भरली आहे ते लगेच कळतं, कारण तिथे तो चिकटत नाही.

गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा असतो. त्यावर पुट्टी किंवा डांबरी अंडरकोटिंग मारणं म्हणजे पाणी आत कोंडणं. बाहेरून दोन वर्षं काही दिसत नाही आणि नंतर एकदम पत्राच हातात येतो. कापून जोडल्यावर आतल्या पोकळीत मेणाचा गंजरोधक फवारून घ्या. या कामाला पेंटर फारसा उत्सुक नसतो, कारण ते कोणाला दिसत नाही. त्याच्या मागे लागा.

पाणी येतं कुठून, हेही शोधायला हवं. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून नळ्या खाली जातात, आणि वायपरखालच्या खोलगट जागेला पाणी निघायचे मार्ग आहेत. गाडी झाडाखाली असेल तर ते पानांनी तुंबतात आणि पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात उतरतं. प्लॅस्टिकचं कव्हर तर पावसाळ्यात घालूच नये. आतली वाफ बाहेर जात नाही. छताखाली सुती कव्हर पुरे.

चावी काढली, इंजिन चालूच

डिझेल गाड्यांची ही नेहमीची तक्रार, आणि सर्वात जास्त गैरसमज इथेच. २४०डी आणि ३००डी चालायला विजेची गरज नसते. इंजिन बंद करायचं काम व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतून हवा ओढून तयार केलेली पोकळी, करतो: चावी फिरवली की व्हॅक्यूम इंजेक्शन पंपावरच्या डायफ्रामपर्यंत (पातळ रबरी पडद्यापर्यंत) पोचतो आणि डिझेल तोडतो. म्हणून बॅटरीची केबल काढून इंजिन थांबत नाही. उलट चालू इंजिनावर केबल काढली तर अल्टरनेटरचे डायोड जाण्याचा धोका. अशा वेळी बॉनेट उघडा, इंजिनावर ‘स्टॉप’ लिहिलेला लाल दांडा आहे, तो इंजिन थांबेपर्यंत दाबून धरा.

आता दोष शोधू. याच व्हॅक्यूमवर गाडीचं सेंट्रल लॉक चालतं: चारही दारं, डिकी, डिझेलच्या टाकीचं झाकण. दारातल्या लॉकचं रबरी डायफ्राम चाळीस वर्षांत फाटतं आणि व्हॅक्यूम तिथून गळतो. म्हणजे दुखणं मागच्या दारात आणि लक्षण इंजिनात. गॅरेजवाला मात्र सरळ इंजेक्शन पंपाला हात घालतो.

इंजिनाजवळच्या व्हॅक्यूमच्या जोडातून लॉककडे जाणारी बारीक नळी काढा आणि तिथे बूच लावा. मग चावी फिरवा. इंजिन तत्काळ थांबलं तर पंप ठीक आहे, गळती लॉकच्या बाजूला. त्यानंतर हातपंप आणि गेज घेऊन एकेक दार तपासायचं. दाराचं पॅनल काढून कान जवळ नेला तर फाटलेल्या डायफ्रामचा बारीक ‘सूंऽऽ’ आवाज येतोसुद्धा. सुकलेले रबरी जोड तेवढ्यात बदलून टाका, ते फार महाग नसतात. व्हॅक्यूमच्या नळीत इंजिन ऑइल दिसलं तर पंपावरचं शट-ऑफ डायफ्राम फाटलंय असं समजा, आणि तोच एक भाग बदला.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर पडताना झटका बसत असेल तरी आधी हीच तपासणी. गिअर बदलण्याचा मऊपणाही व्हॅक्यूमवर अवलंबून आहे. केवळ एका नळीपायी गिअरबॉक्स उघडलेल्या गाड्या माझ्या डोळ्यासमोर आहेत.

‘गरम होते ना, थर्मोस्टॅट काढून टाका’

आपल्याकडच्या मिस्त्रींचा हा आवडता उपाय. इतर काही गाड्यांत निभावून जातो, या गाडीत अंगाशी येतो. इथला थर्मोस्टॅट दोन कामं करतो: पाणी तापलं की रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि त्याच वेळी बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरकडे न जाताच इंजिनात फिरत राहतं, आणि दादरच्या ट्रॅफिकमध्ये काटा आणखी वर चढतो. नवा ८० अंशाचा थर्मोस्टॅट बसवा. रेडिएटर आतून साफ आहे का आणि पंख्याचा व्हिस्कस क्लच गरम झाल्यावर धरतो का, ते पाहा. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला भेगा असतील तर तो भर रस्त्यात तुटायची वाट बघू नका. बोअरिंगचं पाणी तर अजिबात नको. योग्य कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी, एवढंच.

सकाळी स्टार्टला त्रास

लगेच ‘पंप-नोझल उतरवा’ असा सल्ला मिळतो. त्याआधी टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग, बघा. या डिझेल इंजिनांना हायड्रॉलिक (गॅप आपोआप जुळवणारे) टॅपेट नाहीत. दर २०-२५ हजार किलोमीटरला गॅप हाताने सेट करावा लागतो. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत रुतत जातात, गॅप कमी होत जातो, कॉम्प्रेशन पडतं आणि गाडी सकाळी खोकत बसते. किती वर्षं टॅपेट पाहिले नाहीत, हे मालकाला विचारलं तर तो आठवत बसतो.

इंजिन पूर्ण थंड हवं. १४ नंबरचे पातळ पाने लागतात. इनटेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.१० आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्याला) ०.३० मिलिमीटर. कोणता कुठला, ते मॅनिफोल्डच्या नळ्यांवरून ओळखा. इंजिन फिरवायचं ते क्रँकच्या नटावरून आणि चालण्याच्याच दिशेने. कॅमशाफ्टच्या बोल्टवरून मुळीच फिरवू नका. फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, किंचित अडत सरकला पाहिजे. एकदा करून पाहिलं की मग हे काम दुसऱ्याच्या हाती द्यावंसं वाटत नाही.

त्यानंतर हीटर प्लग, म्हणजे स्टार्टआधी सिलिंडर तापवणारे प्लग. सुरुवातीच्या गाड्यांत ते सिरीजमध्ये जोडलेले होते, त्यामुळे एक गेला की सगळे गप्प.

आणि हायवेवर अर्ध्या तासाने दम तुटतो, थांबून पुन्हा सुरू केली की बरी चालते, अशी तक्रार असेल तर टाकीतली जाळी बघा. वर्षानुवर्षं अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत गंज आणि काळा चिकट गाळ साचतो, तो जाळीवर बसतो. फिल्टर बदलून काही होत नाही, टाकीच उतरवून धुवावी लागते.

ब्रेक

चाक गरम होतंय, गाडी एका बाजूला ओढतेय, पॅड नवे टाकले तरी तेच. बहुतेकदा रबरी ब्रेक होज आतून फुगलेला असतो. पेडल दाबलं की तेल पुढे जातं, सोडलं की परत येत नाही. बाहेरून होज नवाकोरा दिसतो, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. सगळे होज एकदम बदला, तेलही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्या हवेत त्याची कमतरता नाही, तेव्हा दर दोन वर्षांनी नवं. टायरवरचा चार आकडी तारखेचा कोड वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर आहे म्हणून पंधरा वर्षांचे टायर वापरणारे महाभाग आहेत.

पेट्रोलवाल्यांसाठी

आता पंपावर मिळतं ते साधारणपणे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. १९७०-८० च्या दशकातले रबरी पाइप त्या इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते. ते मऊ पडतात, आतून सुटतात आणि कण पुढे जातात. इथेनॉल पाणीही ओढतं. २३०ई आणि २८०ई मध्ये के-जेट्रॉनिक नावाचं यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन आहे. महिनोन्‌महिने गाडी उभी राहिली की त्याच्या फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर चिकटतो, आणि तो भाग स्वस्त नाही.

सगळे पाइप एफकेएम (इथेनॉल सोसणाऱ्या) रबराचे टाका, आणि मिस्त्रीकडून जुने पाइप कापून आतून पाहून घ्या. गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर टाकी जुन्या पेट्रोलवर तशीच सोडू नका. दर आठवड्याला पाच मिनिटं जागेवर इंजिन चालवूनही भागत नाही. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि ऑइल धड तापतही नाही. पंधरा दिवसांतून एकदा वीस-तीस किलोमीटर चालवा. पहाटे रस्ता मोकळा असतो.