अर्ध्या बिया मेल्या तर आधी आई तपासा

बीच्या सुरुवातीच्या वाढीच्या जीन्सवर काम सुरू करताय ना, मग डबल फर्टिलायझेशन, भ्रूण, एंडोस्पर्म (बीमध्ये भ्रूणाला पोसणारा भाग) हे तुम्हाला माहितीच असणार, ते परत सांगत नाही. मला फटका कुठे बसला तेवढं सांगते, आठ महिने गेलेत त्यात, अजून आठवलं की पोटात कालवतं.

अरॅबिडॉप्सिसची, म्हणजे लॅबमध्ये वापरतात त्या छोट्या झाडाची, हेटेरोझायगस लाइन होती, जीनची एक कॉपी चांगली, एक बिघडलेली. सेल्फची, म्हणजे स्वतःच्याच परागाने धरलेली, हिरवी शेंग सुईने चिरली, मायक्रोस्कोपखाली धरली तर टपोऱ्या हिरव्या बियांमध्ये पांढुरक्या, सुकत चाललेल्या बिया, जवळजवळ निम्म्या. डोक्यात मेंडेलचे 25 टक्के पक्के, म्हणून मी धरून बसले की ग्रोथ चेंबरचं तापमान बिघडलंय. झाडं परत लावली, परत निम्म्या. परत लावली.

आता हे नीट वाचा. भ्रूण मारणारं साधं रिसेसिव्ह म्युटेशन (दोन्ही कॉपी बिघडल्या तरच परिणाम करणारं) असेल तर सेल्फमध्ये पाव बिया मरतात. निम्म्या मेल्या तर आईकडे बघा. मेडिआ जीनचं घ्या, 1998 साली ग्रॉसनिक्लाउस आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. एंडोस्पर्ममध्ये त्याची बापाकडून आलेली कॉपी गप्प असते, म्हणजे बीजांडातच बिघडलेली कॉपी असली की परागकण कितीही चांगला असो, बी जातेच, आणि हेटेरोझायगस आईची निम्मी बीजांडं तशीच असतात. म्हणून दोन्ही बाजूंनी क्रॉस करा. हेटेरोझायगस म्युटंट आई आणि वाइल्ड टाइप (म्युटेशन नसलेला) बाप, मग उलट. पहिल्यात निम्म्या मेल्या आणि दुसऱ्यात सगळ्या ठणठणीत, तर आईचाच इफेक्ट. मोजताना फळून मेलेली बी आणि न फळलेलं बीजांड मात्र एकात धरू नका, न फळलेलं बारीक पांढऱ्या ठिपक्यासारखं राहतं, मेलेली बी आधी फुगते मग सुकते.

हे मला गाइडनी नाही, लॅबमधल्या सीनिअर ताईंनी सांगितलं, दहा मिनिटांत. शेंगा स्वतः उघडणारं माणूस शोधा, असं माझं ठाम मत आहे. आणि शेंगा न मोजता थेट आरएनए सिक्वेन्सिंगला (कोणते जीन्स चालू आहेत ते बघायला) पाठवू नका, पैसे जातात आणि प्रश्न तिथेच राहतो.

सुरुवातीचे क्रॉस वाया जातील, सगळ्यांचे जातात, घाबरू नका. कळी उघडायच्या आत सहाही पुंकेसर काढा, एक राहिला तरी सेल्फ होतं आणि तुमचे आकडे खोटे. आणि दोऱ्याच्या टॅगवर आईचं नाव आधी लिहा, बापाचं नंतर, त्याच दिवशी.