नागपूरहून विमान: अंतर अन् वेळ घरीच काढा

समुद्रपूर तालुक्यातल्या माझ्या ऑनलाइन सेंटरवर सातबारा अन् पीकविम्याच्या गर्दीत विमानाचं तिकीट काढायलाही माणसं येतात. "पोरगं पुण्याले जाऊन राहिलं जी, किती वेळ लागन?" हे ठरलेलं. मी त्यांना हिशेबच करून दाखवते.

आधी अंतर. ते सरळ रेषेत मोजतात. मोबाइलच्या नकाशात धावपट्टीवर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. नागपूर 21.09 आणि 79.05, पुणे 18.58 आणि 73.92. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण 111 किमी. अक्षांशांचा फरक 2.51, गुणिले 111, म्हणजे 279 किमी. रेखांशांचा फरक 5.13. रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात अंशाला 111 नाही, 105 धरायचे. झाले 539. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ. फोन आडवा केला की बहुतेक कॅल्क्युलेटरांवर वर्गमुळाचं बटण दिसतं. उत्तर 607. नेमकं अंतर 605 च्या आसपास आहे, म्हणजे आपलं गणित बरंच जमलं. रस्त्याने हेच सातशेच्या वर जातं.

लांबच्या अंतराला ही युक्ती चालत नाही, पृथ्वीची गोलाई आडवी येते. शारजासाठी सरळ इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाका. नागपूरहून 2,450 किमीच्या आसपास येईल.

आता वेळ. जेट विमान उंचीवर ताशी 800 किमीच्या पुढेमागे असतं. त्या हिशेबाने पुणे पाऊण तासात यायला पाहिजे, पण तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, कधी आभाळातच रांगेत घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. म्हणून भागाकारात 35-40 मिनिटं मिळवा. पंख्याचं छोटं विमान (एटीआर) असेल तर वेग 500 च्या आसपासच धरा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेचा वारा जोरात असतो, तेव्हा पूर्वेकडे येणारं विमान जाणाऱ्यापेक्षा लवकर पोचतं.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. शारजाचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. समजा, पहाटे 4 ला सुटून 6.15 ला पोचणार असं छापलंय, तर प्रवास सव्वादोन तासांचा नाही, पावणेचार तासांचा आहे. याच्यावर माणसं माझ्याशी भांडतात बाप्पा!

खरा वेळ मात्र घरापासून मोजा. देशातल्या विमानाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. 10 चं विमान असेल तर 8 ला तिथे हजर. जाम चौरस्त्यावरून दीड तास, त्यात बुटीबोरीची गर्दी वेगळी, म्हणून 6 लाच निघा. सोनेगावचा विमानतळ आपल्याकडून जाताना शहराच्या आधी, वर्धा रोडवरच लागतो. वाहकाला चढतानाच सांगून ठेवा, नाहीतर एसटी थेट स्टँडवर नेते अन् ऑटो करून तेवढंच उलटं यावं लागतं.